तुझे अठ्ठावीस, माझे सत्तावीस

विलास, काल दौंडला भीमेच्या घाटावर तुझा दहावा झाला. तुझ्या मुलानं पिंड ठेवून पाठ फिरवली न फिरवली तोच कावळा आला आणि शिवला. दोन मिनिटंही लागली नाहीत. बायकांनी हात जोडले. माझ्या शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "समाधानी गडी. मागं काय बी ठिवलं न्हाई." सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र राग आला.

खरं सांगतो, मी त्या कावळ्याच्या भरवशावर आलो होतो. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. कावळा उशीर लावतो, मग एकेक माणूस पुढं होऊन पिंडासमोर बोलतो. पोरीचं लग्न आम्ही बघतो, विहिरीचं काम पुरं करतो, काळजी करू नको. मी ठरवलं होतं, असा खोळंबा झाला की आपण पुढं व्हायचं आणि तुझं-माझं जे राहिलंय ते बोलून टाकायचं. शिरूर सोडल्यापासून न्हावऱ्यापर्यंत मी ते वाक्य गाडीत पुटपुटत आलो. तू तेवढीही सवड दिली नाहीस. आयुष्यभर तुला सगळं चटकन जमत आलं, हेही जमलं.

मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही, पस्तीसेक वर्षांचा आहे. प्राचार्यांनी परवा सांगितलं, "सर, कॉलेजच्या अंकासाठी विलासरावांवर दोन पानं द्या, तुमच्याएवढं त्यांना कोण ओळखतं?" मी हो म्हणालो. आता लिहायला बसलोय तर पहिल्या पानावर हेच येतंय, त्याला मी काय करू?

आपण शिरूरच्या कॉलेजात एकाच दिवशी बास्केटबॉलच्या संघात आलो. मी नदीकाठच्या बागायतीतला, चुलते सोसायटीचे चेअरमन, उंची सहा फूट दोन इंच. तू कुरकुंभच्या माळावरचा, आजोबांपर्यंत मेंढरं होती, उंची माझ्या खांद्याएवढी. खेळाच्या सरांनी मला बघताच रिंगखाली उभं केलं. तुला विचारलं, "तुला काय येतं?" तू म्हणालास, "लांबून टाकता येतं, सर." सगळे हसले. मीही हसलो. मग तू कोर्टाच्या पार कडेला जाऊन चेंडू टाकलास आणि तो बोर्डाला न लागता जाळीतून खाली आला. त्यानंतर कुणी हसलं नाही. मी रात्री जेवताना घरी तुझं नावसुद्धा काढलं नाही, आणि तेव्हाच माझं मला कळायला पाहिजे होतं.

पुढं तू एकदा सांगितलंस की हे तुझ्या घराण्यातलंच आहे. "म्हाताऱ्यानं शिकिवलं. मेंढरू लांब गेलं की खडा टाकायचा. खडा त्याला लागला न्हाई पाहिजे, त्याच्या म्होरं पडला पाहिजे, मंग त्ये वळतं. हात आपोआप मोजतो, सुदाम. डोक्याला तरास न्हाई." मी रोज दोनशे वेळा रिंगखाली उड्या मारून गुडघे दुखवून घेत होतो आणि तुझं सगळं आजोबांकडून आयतं आलेलं. हे मला कधी पचलं नाही.

आजच्या मुलांना सांगून पटत नाही, पण तेव्हा मॅच अडतीस-चौतीस अशी संपायची. मुरमाचं कोर्ट, फक्कीनं मारलेल्या रेषा, दुसऱ्या हाफपर्यंत त्या पायांनी पुसून जायच्या. शॉट मारायला तीस सेकंद, ती मोजायला घड्याळ नाही, सर तोंडानं मोजायचे, आणि आपण पुढं असलो की सावकाश मोजायचे. तीन पॉइंटची रेषा आपल्याकडं नवीनच आली होती. सरांना ती आवडायची नाही. "लांबून मारणं म्हणजे आळस," असं ते म्हणायचे. मलाही तेच वाटायचं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. त्या काळात मी एका मॅचमध्ये सत्तावीस पॉइंट केले. कॉलेजच्या जिमखान्यात लाकडी फळ्यावर पांढऱ्या रंगात नाव लागलं: एका सामन्यात सर्वाधिक गुण, आणि पुढं मी. माझ्या वडिलांनी तो फळा बघायला तीन पाहुणे नेले.

आता ज्या गोष्टीसाठी मी न्हावऱ्यापर्यंत पुटपुटत होतो ती सांगतो.

शेवटच्या वर्षाची, दौंडच्या मैदानावरची ती मॅच. माझा घोटा मुरगळला होता. सरांनी मला टेबलावर बसवलं आणि स्कोअरशीट हातात दिली. काम सोपं असतं. कुणी बास्केट केली की संघाच्या चालू बेरजेसमोर त्या खेळाडूचा नंबर लिहायचा, लांबून तीनची असेल तर नंबराला गोल करायचा. तुझा नंबर सात. त्या दिवशी तुझा हात असा काही चालत होता की मी सात, सात, सात असंच लिहीत होतो. समोरच्यांना काय करावं कळेना. ते तुझ्या अंगावर धावून आले की तू आणखी एक पाऊल मागं सरकायचास. मनात मी बेरीज करत होतो. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली तेव्हा तुझे पंचवीस झाले होते. आपण कितीतरी पुढं होतो, मॅच संपल्यातच जमा होती. मग तू आणखी एक लांबून मारलास. पंचवीस आणि तीन, अठ्ठावीस. माझ्या सत्तावीसच्या वर एक.

मी सात लिहिलं नाही. मी अकरा लिहिलं आणि त्याला व्यवस्थित गोल केला.

संघाची बेरीज बरोबर राहिली. मॅच आपण जिंकली. कुणाचं काही नुकसान झालं नाही असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल, विलास, मोजदाद नाही. अकरा नंबर म्हणजे पोपट, कासुर्डीचा. वर्षभर बाकावर बसणारा, मॅच हातात आली की शेवटी दोन मिनिटं आत पाठवायचा असा; तेव्हाही नुकताच आत गेला होता. मॅचनंतर सरांनी तिथंच उभं राहून शीट वाचली. "सात नंबर, विलास, पंचवीस." तू मान वर केलीस. "अकरा नंबर, पोपट, तीन." पोपटनं तोंड उघडलं. तू माझ्याकडं बघितलंस, एकदाच, आणि मग पोपटच्या पाठीत धपाटा घालून ओरडलास, "काय मारलास रं पोपट्या!" सगळे त्याच्याकडं वळले. धुळीत आणि गडबडीत कुणी मारला हे बाकीच्यांच्या लक्षात नव्हतं, आणि ज्यांच्या होतं त्यांना जिंकल्यावर त्याचं पडलेलं नव्हतं.

मी तेव्हा एकच अर्थ लावला. तू मला वाचवलंस. तू सगळं ओळखलंस, आणि मित्राची लाज राखलीस. दुसरा कुणी असता तर तुझा जन्मभर ऋणी राहिला असता. मी तुझ्यावर आणखी चिडलो. माझ्यापेक्षा चांगला खेळतोस ते खेळतोस, वर माझ्यापेक्षा मोठ्या मनाचाही व्हायची काय गरज होती?

मग मी शिरूरलाच कॉलेजात खेळाचा शिक्षक झालो. तू कुरकुंभला केमिकल कंपनीत लागलास आणि शिफ्ट सुटली की दौंडच्या कॉलेजच्या पोरांना शिकवायला लागलास, कुणी न सांगता. दरवर्षी तुझा संघ आणि माझा संघ समोरासमोर. मी मुलांना सांगायचो, आत घुसा, जवळून मारा, खात्रीचे दोन घ्या. तुझी पोरं रेषेबाहेर उभी राहून मारायची. सुरुवातीला तुम्ही हरायचात आणि मला फार गोड झोप लागायची. मग तुम्ही जिंकायला लागलात.

चौफुल्याला चहाला बसून आपण यावर किती भांडलो! कंपनीतल्या जुन्या शिफ्टच्या तक्त्यांच्या पाठीमागं तू दरवर्षीच्या मॅचेसचे स्कोअर मांडून आणायचास. पन्नाशी, मग साठी, मग सत्तरी. "बघ, चढत चाललंय," म्हणायचास. मी म्हणायचो, हल्लीच्या पोरांना बचाव नको, घाम नको, म्हणून स्कोअर वाढतोय. तू बशीत चहा ओतून शांतपणे म्हणायचास, "आरं, साधा हिशोब हाय. जवळून दोनातला एक ग्येला तरी दोन. लांबून तीनातला एक ग्येला तरी तीन. दोन शॉटला दोन, तीन शॉटला तीन. सारखंच की! आन् माझी पोरं तीनातला एक न्हाई, पाचातले दोन मारत्यात. मंग कोण म्होरं जाणार?"  मी म्हणायचो, खेळात काही सौंदर्य नावाची गोष्ट असते. तू म्हणायचास, "सौंदर्य हाय ना. जाळीचा आवाज ऐक की." आणि हसायचास. मी घरी जाऊन बायकोवर चिडायचो.

एवढं असून ते तक्ते मला दाखवल्याशिवाय तू कुणाला दाखवत नव्हतास, हे मला माहीत होतं. त्याचा मला अभिमान वाटायचा. तोही मी तुला कधी सांगितला नाही.

फळ्यावरचा माझा सत्तावीसचा विक्रम शेवटी माझ्याच विद्यार्थ्यानं मोडला. चौतीस केले, त्यातले निम्म्याहून जास्त लांबून, माझं न ऐकता. मॅच जिंकून आलेल्या त्या मुलाला मी बाजूला घेऊन शिस्तीवर बोललो. संध्याकाळी तुझा फोन आला. "अभिनंदन! तुझ्या पोरानं तुझाच रेकॉर्ड मोडला, त्यो बी लांबून!" तू इतका मनापासून हसत होतास की मला फोन ठेवता येईना. आता तर चौतीसचंही कुणाला कौतुक नाही. दर हंगामात कुणीतरी तेवढे करतं. फळा रंगवायचंही कॉलेजनं बंद केलं. ज्या एका पॉइंटासाठी मी तुझे तीन पळवले, तो पॉइंट आता कुणी फुकट दिला तरी घेणार नाही. तू म्हणाला होतास तसंच झालं, स्कोअर चढत गेला, आणि त्यात माझी चोरीसुद्धा बारकी होऊन गेली.

दोन महिन्यांपूर्वी तुझ्या घरी आलो होतो. तू गादीवर टेकून बसला होतास, हात काटकुळे झाले होते. वहिनी आत स्वयंपाकघरात होत्या. आपण नेहमीसारखं बोललो, म्हणजे मी बोललो आणि तू मान हलवलीस. मग मध्येच तू विचारलंस, "सुदाम, त्या दौंडच्या मॅचला माझं किती झालं व्हतं रं?" तुझ्या डोळ्यांत काहीही नव्हतं. राग नाही, खोडी नाही. तू चेंडू माझ्या हातात अलगद दिला होतास, समोर कुणी अडवायलाही नव्हतं. मी म्हणालो, "पंचवीस." तू म्हणालास, "आसतील." मग वहिनी चहा घेऊन आल्या आणि तू त्यांना सांगितलंस, याला साखर जास्त घाल. मी तो गोड चहा सगळा प्यायलो.

कालच्या गर्दीबद्दल सांगतो. घाट भरला होता. रांजणगावची, शिक्रापूरची, कुरकुंभची पोरं, शिफ्ट बदलून आलेली, काही तर कंपनीच्या निळ्या शर्टात. तुझ्या हाताखाली खेळलेल्या तीन मुली एकमेकींना धरून रडत होत्या. मी मनात हिशोब केला की माझ्या दहाव्याला कोण येईल. मला लाज वाटली, पण हिशोब मी पूर्ण केला.

प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. नगरसेवक, कंपनीतले एक साहेब, माजी सरपंच. प्रत्येकजण तुला अजातशत्रू म्हणत होता. मग सूत्रसंचालकानं पोपटचं नाव घेतलं. पोपट आता शिक्रापूरला असतो, कंपनीतल्या कामगारांसाठी खोल्या बांधल्यात त्यानं, पोट सुटलंय, केस गेलेत.  त्यानं माइक हातात घेतला आणि तीच मॅच काढली.

"माझ्या नावावर आयुष्यात तीन पॉइंट हायेत," तो म्हणाला. "त्ये माझं न्हाईत. इलासचं हायेत. टेबलावर कुणाची तरी चूक झाली, माझं नाव लागलं. त्या दिवशी माझा बाप कासुर्डीहून पयल्यांदा मॅच बघायला आला व्हता. त्याला खेळातलं काय कळंना, पर सरांनी माझं नाव वाचलं तवा त्यानं फेटा सारखा केला. येष्टी स्टँडवर मी इलासला म्हणलं, आरं, त्यो तुझा व्हता, मी सरांना सांगतो. तर म्हणला, गप बस. तुझा बाप बघायला आलाय न्हवं? मी काय, उद्या परत मारीन."

पोपटनं माइक खाली घेतला. बायका डोळे पुसायला लागल्या. साहेबांनीही चष्मा काढला.

 त्याचा बाप त्या दिवशी मॅचला होता हे मला काल कळलं. इतकी वर्षं मी समजत होतो की तू गप्प राहिलास ते माझ्यासाठी. तुझं-माझं काहीतरी आहे, दोघांतच राहिलेलं, वाईट असलं तरी आपलं. तो धपाटा, ते ओरडणं, ते सगळं पोपटसाठी होतं. पोपटच्या बापासाठी होतं. तू माझ्याकडं एकदा बघितलंस, ते काय रे मग? नुसतं बघितलंस? मला त्या क्षणी पोपटचा जेवढा हेवा वाटला तेवढा तुझाही कधी वाटला नसेल. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, घाटावर बसून जळत होतो की विलासनं माफ केलं ते मला नाहीच, त्याला माझी आठवणसुद्धा नसेल. आणि "उद्या परत मारीन"! मी ज्याच्यावर माझी सगळी उमेद लावली, ते तुझ्या दृष्टीनं उद्या परत होणारं काम.

तेवढ्यात माइकवरून आवाज आला, "विलासरावांचे जिवलग मित्र, शिरूरहून आलेले सुदाम सर." मी उठलो. पोपट खाली उतरताना माझा हात धरून म्हणाला, "बोला सर, तुमीच त्याला सगळ्यात जवळचं." मी माइकसमोर उभा राहिलो. टेबलावर मीच होतो हे पोपटला आठवत नव्हतं, किंवा आठवत असून त्यानं चूक हा शब्द वापरला होता. समोर वहिनी होत्या, तुझी पोरं होती. त्या चांगल्या गोष्टीत मी घाण कालवायची का? मी म्हणालो, विलास खेळाडू म्हणून मोठा होताच, माणूस म्हणून त्याहून मोठा होता. मी म्हणालो, विलास अजातशत्रू होता. मग खाली बसलो, आणि त्यानंतर कावळा आला.

निघताना वहिनींनी मला गाठलं. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या संगं भांडून आले की दोन घास जास्त जायचे त्यांना. आता तुमी कुणाशी भांडणार?"  गाडीत बसल्यावर मी चौफुल्यापर्यंत रडलो. तुझ्यासाठीच रडलो, एवढं तरी मला खात्रीनं सांगता येतं.

एक गोष्ट आभाराची आहे, तीही लिहून टाकतो. माझे ते सत्तावीस. त्यातल्या बहुतेक बास्केट तुझ्या पासवर झाल्या होत्या. मी रिंगखाली हात वर करून उभा राहायचो आणि चेंडू बरोबर हातात यायचा, मला मान वळवावी लागायची नाही. आपल्या शीटवर पास देणाऱ्यासाठी रकाना नव्हता, म्हणून ते सगळे माझे झाले. तू त्या फळ्यासमोर उभा राहून माझ्या वडिलांचं अभिनंदन केलं होतंस.

हे दोन पानांहून जास्त झालं. अंकात छापलं तर पोपट वाचेल, वहिनी वाचतील, तुझी पोरं वाचतील. वाचू देत. पोपट चूक म्हणाला, ते मला चालत नाही. चूक म्हणजे काय, तर बघताना गफलत होणं. माझी नजर तुझ्यावरून एकदाही हलली नव्हती. तू रेषेबाहेर उडी घेतलीस, मनगट सोडलंस, आणि चेंडू सुटला तेव्हाच मला कळलं की हा जाणार, याला आता कुणी अडवू शकत नाही. समोरचे अजून वर बघत होते, सर अजून मोजत होते, आणि विलास, तो चेंडू हवेत असतानाच मी अकरा लिहून मोकळा झालो होतो.